निनावी पुस्तकावरची सही

अण्णा,

त्या पुस्तकावर सही मिळाली. ज्याचा लेखक तुम्ही जन्मभर शोधलात, त्याच पुस्तकावर.

तुम्हाला जाऊन किती वर्षं लोटली, पण आपलं स्वयंपाकघर मला अजून तसंच दिसतं. चुलीच्या धुरानं कसर लागत नाही म्हणून पुस्तकांची फळी तुम्ही डाळीच्या डब्यांच्या वर भिंतीला ठोकली आहे, आणि आई कुरकुरत फोडणी देते आहे. सगळी पुस्तकं जुन्या बातमीदारांची. कुणी तुरुंगात राहून लिहिलेलं, कुणी गिरणीत मजुरी करून. कारकुनीतून रजा काढून तुम्ही लेखकाचं घर गाठायचात आणि सही घेऊनच परतायचात. एकदा मी एका पानावर माझं नाव गिरवलं, तेव्हा केवढे ओरडलात! "सही म्हणजे शोभा नव्हे. हे मी डोळ्यांनी पाहिलं, असा शब्द दिलेला असतो तो."

एकाच पुस्तकावर सही नव्हती. मोठ्या दुष्काळात एक बातमीदार मजूर बनून सरकारी कामावर खडी फोडायला राहिला. ठेकेदार मजुरीच्या ज्वारीत माती मिसळतो, हे त्यानं आधी वर्तमानपत्रात आणि मग पुस्तकात लिहिलं, पण नाव घातलं नाही. त्याच कामावर तुम्हीही होता, आईबापांबरोबर, लहान पोर.

यंदा माझी बदली वळसंगच्या मुलींच्या शाळेत झाली. एके दुपारी मी वर्गात तेच पुस्तक वाचत होते. "ज्वारी पाटीत पडली," एवढं वाचून पान उलटते आहे, तोच नातीला न्यायला आलेले एक म्हातारे ओट्यावरून पुढचं बोलले, "आणि पाण्यात टाकली तर पाणी लाल झालं." पान उलटून पाहिलं. अक्षर न् अक्षर तेच!

मी धावत त्यांच्यापुढे जाऊन बसले. "आजोबा, हे तुम्ही लिहिलंत?"

"कोन म्हनतंय? न्हाय, अव्वा. मी शेतकरी मानूस." मग त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं. "ठेकेदाराची मानसं लई शोधत हुती मला. घावलो असतो तर जित्ता सोडलं नसतं. तवापास्नं न्हाय म्हनायचीच सवय झाली बग."

मी म्हटलं, "तुमचं छापून आलं आणि कामावर चांगली ज्वारी आली. माझे वडील तेव्हा त्याच कामावर होते, लहान पोर, ती ज्वारी खाऊन अंथरुणाला खिळलेले. त्या भाकरीवर ते जगले. म्हणून मी आहे."

"जगला व्हय त्यो पोरगा?"

"जगले. आणि शेवटपर्यंत तुम्हाला शोधत राहिले."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि हात पुढे केला. "आन की टाक-दौत." आपलं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं मोडीत ठसठशीत लिहिलं. पुढच्या रविवारी बैलगाडीनं सोलापूरला आले, वाचनालयात भर सभेत उभे राहिले आणि आपलं पुस्तक आपल्या नावानं वाचलं. वाचून संपलं तेव्हा सबंध सभा उभी होती.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, ठाऊक आहे. पण खरं सांगू, अण्णा? तुमचा ऊर भरून यावा असं वाटतंयच. त्याआधी तुम्हाला थोडा माझा हेवाही वाटावा.