जुन्या भिंतीजवळचं पाणी

धरणावरून,
६ ऑक्टोबर २०२५

ती. विनोदिनीमावशीस,
सा. न. वि. वि.

इथे फोन लागत नाही, म्हणून रायपूरला निघालेल्या क्लबमधल्या रुचिताच्या हाती पत्र देते. काल दुपारी वारा अजिबात नव्हता. मी वल्हं मांडीवर ठेवून बसले होते, तरी माझी कयाक धरणाच्या जुन्या भिंतीकडे चालू लागली, कोणी हात धरून नेल्यासारखी. उलटं वल्हवलं तरी थांबेना. बुडालेल्या बाभळीची फांदी हाती आली म्हणून वाचले.

आमच्या कयाक क्लबची रीत तुला ठाऊक आहे. वाचलेल्यानं नारळ वाहायचा आणि तोंड बंद ठेवायचं. बोललं तर पाणी पुन्हा बोलावतं. मी नारळ वाहिला. पण रविवारी पोरांची शर्यत त्याच भिंतीजवळून आहे. काय करू?

तुझ्या मायेची हक्कदार,
निवेदिता

रायपूर,
८ ऑक्टोबर

चि. निवेदितास अ. उ. आ.

पोट्टे, एवढी शिकलीस अन् गप्प बसलीस काहून? नारळ वाहा, गोल बाजारातून पोतंभर पाठवते. पण हे गप्प बसणं श्रद्धा नव्हे, पुढच्याच्या जिवाशी खेळ आहे! बुडालेला सांगायला येत नाही, वाचलेला सांगत नाही. मग शिकायचं कोणाकडून? भिंतीखाली कालव्याचं तोंड असेल, तेच ओढत असेल. सगळ्यांसमोर उभी राहा, आधी आपलं सांग, मग त्यांना विचार. चूक कोणाची ते विचारू नकोस. कुठे, केव्हा, काय झालं, एवढंच विचार. आणि शर्यतीआधी रिकामी कयाक दोरी बांधून सोड, म्हणजे ओढ सगळ्यांना दिसेल.

रागावले तरी माया तेवढीच आहे, हे जाणून अस.
विनोदिनीमावशी

धरणावरून,
१२ ऑक्टोबर

ती. मावशीस सा. न.

मी सांगितलं. मग आमचे प्रमुख हिरालालभैया खाली मान घालून म्हणाले, की मलेही तिथेच ओढलं होतं. मग रुचिता. मग इंद्रजीत. तीच भिंत, तसंच निवांत पाणी, दर वेळी कालवा सुटलेला. प्रत्येकाला वाटत होतं, पाण्यानं फक्त आपल्यालाच बोलावलं.

शर्यत लगेच पलीकडच्या काठाला हलवली. आज सकाळी रिकामी कयाक सोडली. आत कोणी बसून वल्हवत असल्यासारखी ती सरळ भिंतीपाशी गेली, क्षणभर थांबली, नाकावर उभी राहिली आणि आवाज न करता खाली गेली. आम्ही सगळे दोरीला लटकलो. दोरी तुटली.

पलीकडून पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो खेळच वाटला.

तुझा लोभ असाच टोचत राहो.
निवेदिता