लाल बटण

तुये, १२ ऑगस्ट, संध्याकाळ

साहेबांना कारखान्यातल्या मशीनच्या स्क्रीनवरची सगळी बटणं निळी हवी होती. मी स्टाइलशीटमध्ये, म्हणजे रंग ठरवणाऱ्या फाइलमध्ये, एक ओळ बदलली आणि मशीन थांबवायचं लाल बटणही निळं झालं. मला ते दिसलं होतं. मग गप्प का बसले?

आज मशीनवरच्या शेवंतीताईंचा पदर पट्ट्यात अडकला. त्या ओरडत होत्या, "लाल बटाण खंय गेला गो?" मी धावत जाऊन दाबलं. पदर फाटला, त्या वाचल्या.

ते बटण पुन्हा लाल करायला फाइलमध्ये फक्त दोन ओळी लागतील, असं मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "एकच लाल बरं दिसत नाही, राहू दे." बरं दिसायला हा काय लग्नाचा मांडव आहे?

निघताना पाहिलं, तर त्या निळ्या बटणावर लाल टिकली चिकटवलेली. बाहेर शेवंतीताई मोकळ्या कपाळाने बसची वाट बघत होत्या.