जावयांचं ‘पुरे’

चि. सौ. कमलाक्षीस अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे देवदयेने खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. माझा गुडघा सुजलाय, तंजावूरचं ऊन मी म्हणतंय, आणि घरात सुंडक्काय आहे. किती, ते पुढे सांगते. तुझी तब्येत बरी ना? बरीच असणार, तुझे यजमान इथे आहेत! (फोनच केला असता, पण फोन वाजला की भावजी शेजारी येऊन बसतात.)

भावजी इथल्या ग्रंथालयातले मोडी कागद वाचायला आले, आनंद झाला. जावई घरी येणं म्हणजे सणच (सण एका दिवसात संपतो, ते सोड). पण ग्रंथालय उघडेपर्यंत त्यांना स्वस्थ बसवेना, म्हणून मीच मेली त्यांना उळवर संदैत घेऊन गेले. आठवते ना, शेतकरी स्वतः माल घेऊन बसतात तो बाजार? भाव अजून फळ्यावरच लिहितात, आणि शेषम्मा अजून त्याच कोपऱ्यात बसते, माझ्यासाठी कोवळं केळफूल बाजूला काढून ठेवते. मी टोमॅटो निवडायला वळले, तेवढ्यात भावजींनी त्या वाटाण्याएवढ्या कडू सुंडक्कायीकडे बोट दाखवून तिला विचारलं, "काय?" आता तमिळमध्ये ‘काय’ म्हणजे भाजी. तिला वाटलं, गिऱ्हाईक भाजी मागतंय. तिने विचारलं, "काय वेणुमा?" म्हणजे, भाजी हवी का? झालं! भावजी हरखलेच. हिला मराठी येतं, हिचे पूर्वज नक्की आपल्या फौजेबरोबर आले असणार, असं भर बाजारात जाहीर केलं. ती पिशवीत घालू लागली, तसे हे संकोचून "पुरे, पुरे" म्हणाले. तिला ऐकू आलं ‘पूरा’, आणि तमिळमध्ये ‘पूरा’ म्हणजे सगळंच, हे तू तरी पुण्यात विसरली नसशील. हे जितक्या काकुळतीने म्हणत, तितकी ती भराभर ओतत होती. मी वळून बघते तर टोपली रिकामी आणि भावजींचे डोळे भरलेले. केवढी माया हो या लोकांत, म्हणे!

तेव्हापासून माझ्या गुडघ्याची दया येऊन ते रोज एकटे जातात. वांगी पूरा, काकडी पूरा, अगं कढीलिंबसुद्धा पूरा! गच्चीवर सुंडक्काय वाळतेय, आमच्या यांनी तर जेवायला बसण्याआधी आज काय आहे ते विचारणंच सोडलंय. शेजारच्या वरलक्ष्मीच्या लेकीचं डोहाळजेवण होतं. ती बाजारात गेली तर एक वांगं शिल्लक नाही, तुमच्या शेजारणीचे जावई घेऊन गेले म्हणाले. मी टोपलीभर वांगी पाठवली, तिने तशीच परत पाठवली. आता मला बघून दार लावून घेते. इतक्या वर्षांचा शेजार गं, फार लागलं मनाला.

मग सांगत का नाहीस, म्हणशील. कसं सांगू? जन्मभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस! जेवताना माझं मराठी सुधारतात (गोडीत, पण रोज). त्यांचा एक शब्द चुकतोय असं मी म्हटलं, तर ताटावरून उठतील. जावयाला दुखवायची आपल्या घरात रीत नाही. शिवाय पिशवी घेऊन येतात तेव्हा इतके खूश असतात की माझं तोंडच उघडत नाही. नुसती चरफडते.

तुझी,
भागीरथीअक्का

ता. क. त्यांना परत बोलावू नकोस, वाईट दिसेल. फोनवर, अगदी सहज, स्वतःच्या मनचं म्हणून एवढंच सांग, की तिकडे बास म्हणायचं असेल तर ‘पोदुम’ म्हणतात. तुझं ऐकतील. पण लवकर सांग बाई!

ता. ता. क. पत्र चिकटवून त्यांच्याच हाती टपालात टाकायला देते आहे. मागे कोरी जागा सोडलीय, तुला दोन ओळी लिहायच्यात म्हणे. दुसऱ्याचं पत्र ते उघडत नाहीत, तेवढा एक गुण आहे.

(पाठीमागे, सुवाच्य अक्षरात)

प्रिय कमल, मी मजेत आहे. अक्का फार जपतात, एका शब्दाने दुखवत नाहीत. इथल्या बाजारात शेषम्मा म्हणून एक माउली आहे, मी कितीही पुरे म्हटलं तरी तिचा हात थांबत नाही. उद्या तिच्याकडे फणसांची गाडी येणार आहे. अक्कांना आवडतो, एखादा आणावा म्हणतो.