स्कोअर आधी मी सांगते

शारजा, १२ मे १९९७

हनीफभाई,

पत्र काही मी देणार नाही, म्हणून खरं लिहिते. हे गेल्यापासून इंग्लिश फुटबॉल लीगमधल्या यांच्या लाडक्या टीमच्या प्रत्येक मॅचनंतर तुम्ही येता आणि त्यांच्या फोटोला स्कोअर सांगता. "हबीबी, खलास केलं त्यांना!" म्हणता. मला सहन होत नाही. टीम हरली की हे तुमच्या खांद्यावर रडायचे. माझ्यासमोर कधीच नाही.

म्हणून पेपरातल्या स्कोअरवरून मी इंग्रजी वाचायला शिकले. आता तुमच्याआधी मीच सांगते. आज सकाळी वाचलं, टीम हरून खालच्या डिव्हिजनमध्ये गेली. यांच्या फोटोला ते सांगवेना. जिंकलो म्हणून सांगितलं.

संध्याकाळी तुम्ही याल. चहा घ्या, माझ्याशी हवं तेवढं बोला. यांना मात्र काही सांगू नका.

तुमची वहिनी,
इंदुमती