बोनिफास फोनवर काय बोलतो

५ नोव्हेंबर २००७, सोमवार
मीटिंग संपता संपता आमचे जपानी साहेब मोरिता-सान अगदी सहज म्हणाले, एप्रिलपासून या प्रोजेक्टवर बाहेरचा एकच इंजिनिअर राहील. नाव योग्य वेळी कळेल. बाहेरचे आम्ही दोघंच. मी आणि टांझानियाचा बोनिफास. बोनिफास शांत बसला होता. अशी बातमी ऐकून शांत कोण बसतं? ज्याला ती आधीच माहीत असते तो.

घरी बायको, विद्या, म्हणाली, मोरिता-सानना सरळ विचारून टाक ना. हिला ऑफिसचं पॉलिटिक्स कधी कळणार देव जाणे. सई एप्रिलमध्ये इथल्या शाळेत पहिलीत जाणार. तिचं लाल दप्तरसुद्धा आणून ठेवलंय. ती रोज ते पाठीला लावून घरभर फिरते. पुण्याला परत पाठवलं तर पोरीला काय सांगू?

७ नोव्हेंबर
बोनिफास रोज दुपारी कॉफीच्या मशीनपाशी उभा राहून आईला फोन करतो. आज मी मुद्दाम मागे उभा राहिलो. माझ्याकडे बघून हसला आणि आवाज खाली आणला. माझं नावही आलं. दोनदा!
स्वाहिलीचं पुस्तक मागवलं. बघतोच.

१२ नोव्हेंबर
पुस्तकाचे पैसे पाण्यात. तो फोनवर बोलतो ती स्वाहिली नाहीच. त्याला विचारलं तर म्हणे, केरेवे म्हणून भाषा आहे. व्हिक्टोरिया सरोवरात उकेरेवे बेट आहे, तिथली. चांगली स्वाहिली येत असताना माणूस बेटावरची भाषा कशाला काढेल? काहीतरी लपवायचं असल्याशिवाय? (मी ऑफिसातल्या हरीशशी मराठीत बोलतो ते वेगळं. ती माझी मातृभाषा आहे.)

संकल्प: डिसेंबरअखेर केरेवे फ्लुएंट.
बोनिफासला इंग्लिशमध्ये सांगितलं, मला भाषांचा छंद आहे, रोजचे शब्द शिकवशील का? त्याचा चेहरा असा उजळला की मला शंकाच आली. शब्द या वहीत लिहिणार नाही. फक्त अर्थ. सिक्युरिटी!

१९ नोव्हेंबर
कालव्याकाठच्या बाकावर पहिला धडा. पाणी, मीठ, मासा, होडी. म्हटलं, होडी नको. तर म्हणे बेटावर होडीशिवाय कसं चालेल?
लिफ्टमध्ये हरीशला सगळा प्लॅन सांगितला. सईच्या दप्तराचंही सांगितलं. हरीश वरच्या मजल्यावरच्या टीममधला, त्याच्या खुर्चीला धक्का नाही, त्यामुळे सल्ले फार देतो. बोनिफास शेजारीच उभा होता, पण आम्ही मराठीत. हरीश म्हणाला, हा ढेरपोट्या आत आला की आपल्याला जागाच उरत नाही. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी.

२१ नोव्हेंबर
बोनिफास आता जिन्याने येतो. नवव्या मजल्यापर्यंत! मधल्या मजल्यांवर कोणाला भेटतो? उद्यापासून मीही जिन्याने.

२२ नोव्हेंबर
तिसऱ्या मजल्यावर गुडघा बोलला. पाळत लिफ्टमधूनही ठेवता येते.

१७ डिसेंबर
प्रगती उत्तम. 'जेवलास का', 'उद्या ये', 'पाऊस येतोय'. आज तो 'आभारी आहे' आणि 'माफ कर' शिकवायला लागला. म्हटलं, हे वगळू. कटकारस्थानात कोण आभार मानतं? त्याने पुन्हा विचारलं, नक्की नको? म्हटलं, नक्की नको. वेळ मोजकाच आहे, कामाचे शब्द घेऊ.
माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मागून घेतली. हाश-हूश काही नाही. वर म्हणतो, लसूण थोडा वाढवायला हवा. याला काय कळतंय चटणीतलं!

८ जानेवारी २००८, मंगळवार
सुट्टीत सगळं विसरलो. दोष माझा नाही, इथल्या थंडीत डोकं गोठतं. पाठ करताना सईने ऐकलं असावं, ती सगळे शब्द घडाघडा म्हणते. होडी तर गाऊन म्हणते. हे शब्द शिकवणारे काका जेवायला कधी येणार, असं तिने जपानीत विचारलं. विद्या म्हणाली, बिचारा एकटा राहतो, बोलव की रविवारी. म्हटलं, अजिबात नाही. शत्रूला घर दाखवायचं?
फ्लुएंटची नवी तारीख: जानेवारीअखेर.

१ फेब्रुवारी
फेब्रुवारीअखेर.

१४ फेब्रुवारी
सापडला! आज फोनवर मला चक्क तीन शब्द कळले. 'उद्या', 'मासा' आणि 'ओसाका'. शिवाय माझं नाव. ओसाकाला आपल्या क्लायंटचं हेडऑफिस आहे. म्हणजे हा थेट वरून सूत्रं हलवतोय. मासा म्हणजे मीच, गळाला लागलेला.
तडक मोरिता-सानकडे गेलो. तक्रार नाही हं, फक्त कानावर घातलं, की बोनिफास-सान ऑफिसच्या वेळात फार वेळ घरी फोनवर असतात. मोरिता-साननी दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाले, असं होय. काम झालं.
कॉफीच्या मशीनपाशी हरीशला सगळं सांगितलं. बोनिफास तिथेच कप धूत होता. मराठीचा हाच तर फायदा.

२८ मार्च, शुक्रवार
मीच राहिलो! मोरिता-साननी सगळ्यांसमोर सांगितलं.
पुढे म्हणाले, बोनिफास-सान एप्रिलपासून ओसाकाला. त्यांची पत्नी तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला येतेय. बदली त्यांनीच मागून घेतली होती, ऑक्टोबरमध्ये.
ऑक्टोबरमध्ये. म्हणजे माझ्या पहिल्या संशयाच्या आधी. मी टाळ्या वाजवत राहिलो.

नंतर तो कॉफीच्या मशीनपाशी आला आणि म्हणाला, अभिनंदन, सईचं दप्तर आता वाया जाणार नाही.
मराठीत! अगदी स्वच्छ!
त्याचं कॉलेज पुण्यात झालं. कर्वेनगरला एका आजींकडे खोली घेऊन राहायचा. आजींना मराठीशिवाय काही येत नव्हतं आणि त्यांच्या चटणीत लसूण जास्त असायचा.
लिफ्ट आठवली. मग कॉफीचं मशीन आठवलं. विचारलं, अरे, मग इतके दिवस बोलला का नाहीस?
तो म्हणाला, बोललो असतो तर तुम्ही शिकायला आला नसता. जपानमध्ये आल्यापासून माझ्या भाषेतला एक शब्द कोणी विचारला नव्हता. आईला रोज सांगायचो, आज नंदकिशोरना मासा आला, आज होडी आली. ती सगळ्या शेजाऱ्यांना सांगत सुटायची.
फोनबद्दल मोरिता-साननी त्याला विचारलं होतं म्हणे. त्याने सांगितलं, नंदकिशोर-सानना शिकवायचे शब्द आईकडून घासूनपुसून घेत होतो. म्हणजे चुगली माझीच हे माहीत असून माझ्याविरुद्ध अवाक्षर काढलं नाही.
हरीशला नमस्कार सांगा, म्हणाला. जिन्याने खरंच पोट कमी झालंय.
जाताना सईसाठी एक लाकडी होडी दिली. हाताएवढी पण नाही, दप्तराला लटकवायची.

३० मार्च, रविवार
सईने होडी दप्तराला बांधली. होडीचं केरेवेतलं नाव घेत दिवसभर घरात फिरतेय.
विद्याला सगळं सांगितलं. (लिफ्टचं थोडं कमी करून.) तिने फोन उचलून माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाली, बोनिफासला फोन कर. म्हटलं, करणारच होतो, केरेवेत बोलेन, त्याला बरं वाटेल.
फोन घेऊन बसलो. पाणी, मीठ, मासा, होडी, पाऊस येतोय, उद्या ये. पाहिजे तो शब्द मी डिसेंबरात 'नक्की नको' म्हणून वगळला होता.
विद्या म्हणाली, मराठीत म्हण की, त्याला येते मराठी. म्हटलं, हो. पण मराठीत हे मी आजवर कोणालाच म्हटलेलं नाही. तुला तरी कधी म्हटलंय? ती म्हणाली, नाही.
शेवटी फोन लावला. केरेवेत विचारलं, जेवलास का? तो म्हणाला, जेवलो. पुढचा शब्द मला येत नव्हता, म्हणून फोन ठेवून दिला.