बापूच्या उरलेल्या कॅप्सुली

९ ऑगस्ट ७८, सांगली
बापू मिरजेच्या इस्पितळात. शाळेत माझ्या शेजारी बसायचा, पुढे हवालदार. साताऱ्याकडच्या गावाहून वहिनींनी एस्टीने आणला. न्यूमोनिया, उजवी बाजू. गावच्या डॉक्टरने आठ दिवसांच्या कॅप्सुली दिलेल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, उरलेल्या डब्यात. चारच दिवसांत पुन्हा फणफणला. वहिनी: "आवं भावजी, बऱ्या मान्सानं औषिद कशाला खायाचं? नड पडंल तवा व्हत्यात की कुनाला." त्या डब्यावर निम्म्या आळीचा खोकला बरा झालाय म्हणे. साक्षात धन्वंतरी, झाकणासकट.

१० ऑ.
लॅबच्या बाईंनी काचेची बशी दाखवली. बापूच्या कफातले जंतू, वर औषधांच्या सहा टिकल्या. औषध चाललं तर टिकलीभोवती स्वच्छ कडं पडतं. पाच टिकल्यांना खेटून जंतू मजेत. कडं फक्त सहावीला. त्याच औषधाचं इंजेक्शन आजपासून, रोज एक, दहा दिवस.
"अर्ध्यावर सोडलं की दुबळे मरतात हो, चिवट तेवढे उरतात."
चिवटपणा असतो कुठे? वंशगुणात, म्हणाल्या. कडीसारखं एक बारीक सूत्र, त्यावर चार-पाच औषधांवरचे तोडगे एकत्र. जंतू त्याची नक्कल शेजाऱ्याला देतो, परक्या जातीच्यालासुद्धा. ना गोत्र, ना मुंज. मला एवढं शिकवायला आमच्या संस्कृत पाठशाळेने बारा वर्षं घेतली असती, आणि तरी...

११ ऑ.
आमच्या दैनिकाला या सगळ्याची बातमी पाठवली. संपादकांचा फोन: "जंतूला राक्षस-बिक्षस म्हणा हो. आणि तो डबा काढा. वाचकांच्या घरी असतो."
म्हणूनच तर लिहिला, म्हटलं. फोन ठेवला त्यांनी. थोर माणूस.
माझ्या कपाटात नऊ कॅप्सुली निघाल्या. कशाच्या, आठवत नाही. मीही थोरच.

१३ ऑ.
चौथं इंजेक्शन. ताप नाही. बापू दोन भाकऱ्या जेवला. वाईट लक्षण.

१४ ऑ., मिरज
सकाळी गेलो तो बापू शर्ट-टोपी घालून तयार.
"चल रं शास्त्री, ठणठणीत हाय मी."
"अजून सहा राहिलीत."
"ताप हाय का बघ की!" हात पुढे केला. गार.
वहिनी गाठोडं बांधत होत्या. "ऱ्हायलेली संगं द्या म्हनावं."
हे औषधही अर्ध्यावर सोडलंस तर पुढच्या बशीत एकही कडं दिसायचं नाही, म्हटलं. फुप्फुस पुन्हा भरलं तर द्यायला काही नाही.
"तुला संस्कृत येतं गड्या, डाक्टरी न्हवं."
साताऱ्याची गाडी साडेअकराला. त्याच्या वहाणा माझ्या पिशवीत घालून वॉर्डाच्या दारात बसलोय, तिथेच हे लिहितोय. सव्वाअकरा. बापू खाटेखाली वाकून बघतोय. आता अनवाणीच उठला.