पप्पांच्या शुगरची साक्ष

५ मार्च, बुधवार
आजपासून लेंट, ईस्टरपर्यंतचे चाळीस उपवासाचे दिवस. ठरलं: रोज मार्कच्या शुभवर्तमानाचा एक अध्याय. मार्क सगळ्यात छोटं आहे म्हणून नाही. डायरेक्ट आहे म्हणून.
आमच्याकडे बायबल शोकेसमध्ये, कापडात गुंडाळलेलं. वाचत कोणी नाही, पण चुकून पडलं तर सगळे उचलून डोळ्यांना लावतात. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून हे बदलणं माझं काम.

९ मार्च, रविवार
संडे स्कूलच्या चित्रातला येशू निळ्या डोळ्यांचा, एका जागी उभा. मार्कमधला वेगळाच आहे. भरभर चालतो, दमतो, होडीत उशीवर झोपतो, आजाऱ्याला हात धरून उठवतो. काल गिरणीच्या रांगेत मोबाइलवर वाचत होते, डोळ्यांत पाणी आलं. गिरणीवाला म्हणाला, मॅडम, मिरची दळतोय, लांब उभ्या राहा. मिरचीमुळे नव्हतं. कॉलेजची तीन वर्षं मी त्याला विसरले होते. तो मला विसरला नव्हता.

११ मार्च
प्रार्थनेचा विषय फिक्स: पप्पांची शुगर. पप्पा उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर. दिवसभर उभं काम, शुगर जुनी. आई म्हणाली, प्रार्थना कर गं बाई, पण सकाळची गोळी घेतात का तेपण बघत जा. आईचा विश्वास अजून बेसिक लेव्हलला आहे.

१५ मार्च
रिपोर्ट नॉर्मल!! आई म्हणते, डॉक्टरांनी गोळी बदलली आणि मी घरात गोड येऊ दिलं नाही म्हणून. असेल. पण गोळीला आशीर्वाद कोणी दिला?

१६ मार्च, रविवार
दुसऱ्या गीतानंतर पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, कोणाची साक्ष आहे का, देवाने काय केलं ते सांगायला? उभी राहिले. रिपोर्ट चांगला आला एवढंच सांगणार होते. तोंडातून निघालं, माझे पप्पा पूर्ण बरे झाले. अख्खं चर्च हालेलुया. महिला मंडळाच्या कमळाबाई रडल्या. बाहेर सगळ्यांनी पप्पांचे हात हातात घेतले. पप्पा लाजत होते. त्यांना एवढा मान मिळालेला मी कधी बघितला नव्हता.
शब्द थोडा पुढे गेला. पण विश्वास म्हणजे तेच ना, पुढचं आज बोलणं?

२१ मार्च, शुक्रवार
कमळाबाईंच्या घरी प्रार्थनासभा. नंतर शिरा, तूप सुटलेला. पप्पा म्हणाले, नको. कमळाबाई हसत म्हणाल्या, का हो हरिचंद्रभाऊ, पोरीची साक्ष खरी ना? पप्पांनी वाटी संपवली. माझ्याकडे बघत. मग दुसरी घेतली. किती धैर्य!
घरी येताना आई आमच्या दोघांच्या पुढे भरभर चालत होती.

२९ मार्च
आईने गोळ्यांचं पाकीट माझ्यासमोर आपटलं. भरलेलं. म्हणाली, विचार तुझ्या बापाला. विचारलं. पप्पा म्हणाले, तू सगळ्यांसमोर सांगितलंस बरा झालो म्हणून. आता गोळी घेतली तर तू खोटी पडशील. कारखान्यात पण सगळ्यांना सांगून झालंय.
घ्या म्हणून सांगणारच होते. पण पाळकसाहेबांनी ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेत हीच साक्ष परत द्यायला सांगितलीये, बदलापूर-कुळगावची मंडळी पण येणार आहेत. ईस्टर झाला की सांगते. नक्की.

४ एप्रिल, शुक्रवार
बाथरूममध्ये मुंग्या. रांगच्या रांग, कोपऱ्यातून थेट संडासच्या भांड्यात. खडू आणून रेघा मारल्या.
आज चर्चमधल्या साळवेंकडे प्रार्थनासभा. गुलाबजाम. पप्पांना आता कोणी विचारत नाही, सरळ वाढतात.

८ एप्रिल
पप्पांना नवे बूट चावले. म्हणाले, काही नाही, कातडं गेलंय जरा. आता घरातसुद्धा सॉक्स घालून असतात. आई दाखवा म्हणते, ते ओरडतात. पप्पा कधी ओरडत नाहीत. विश्वासाच्या परीक्षेचा काळ आहे. मोठ्या आशीर्वादाआधी असं होतंच.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
मिरवणुकीत पप्पा सगळ्यात मागे, हळूहळू. नम्रता. झावळीचा आधार घेत होते असं आईला वाटलं. आईला हल्ली काहीही वाटतं.

१५ एप्रिल
घरात कसलासा वास आहे. फिनाइलने पुसलं, फ्रिज रिकामा केला, उंदीर मेलाय का बघितलं. साक्ष पाठ झाली. आरशासमोर छान होते.
पप्पांच्या शेठचा फोन आला. बेटी, तेरे पप्पा को घर बिठा, आज टेबल पे सो गया था, कपडा उल्टा काट दिया. मी म्हटलं, अंकल, उपवास चालू आहेत.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार
दुपारची तीन तासांची उपासना. येशूच्या वधस्तंभावरच्या पाचव्या वचनाला, ‘मला तहान लागली आहे’, सगळे उभे राहिले, पप्पा उठले आणि बाकावर कोसळले. रिक्षाने उल्हासनगरला, सरकारी हॉस्पिटल. सिस्टरने सॉक कापून काढला. वास घरातलाच होता.
डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कधीपासून बंद? पप्पा म्हणाले, विसरतो साहेब, वय झालं. मी शेजारीच उभी होते. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं तर जातील. पुढचं उघडल्यावर कळेल.

२० एप्रिल, ईस्टर
तिकडे पहाटेची उपासना सुरू झाली असेल. मी वॉर्डात. मार्क पहिल्यापासून काढलं. पहिल्याच अध्यायात तो कुष्ठरोगी. येशू त्याला हात लावतो, बरा करतो, आणि दरडावून सांगतो, कोणाला काही बोलू नको, जा, याजकाला दाखवून ये. म्हणजे तपासून घे. तो जातो आणि गावभर सांगत सुटतो. मग येशूलाच गावात शिरता येत नाही.
वाटलं, येशू माझ्याकडेच बघतोय. आवडलं नाही. पण मिटून ठेवता आलं नाही. आज प्रार्थनेत काही मागितलंसुद्धा नाही.
राउंडला डॉक्टर आले, तेव्हा म्हटलं, सर, पप्पा विसरले नव्हते. माझ्यामुळे बंद केल्या. मला माहीत होतं, तरी मी थांबवलं नाही. डॉक्टर फाइलमध्ये लिहीत होते. म्हणाले, मोठ्याने सांगा, पंख्यात ऐकू येत नाही. परत सांगितलं. वॉर्डात सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, ऑपरेशन उद्या, सहीला थांबा.
पप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. आईने डबा उघडला, जेवले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, पायावरची चादर काढू नको.